मुसीचा पूर आणि अठरा वर्षांची योजना

हैदराबाद शहरात अफझलगंज भागात मुसी नदीच्या काठी ग्रंथालयाची एक भव्य इमारत उभी आहे. १८९१ साली स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय १९३६ साली या वास्तूत आले आणि पुढे तेच राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखले जाऊ लागले. अरबी, फारसी, उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड अशा अनेक भाषांची ग्रंथसंपदा तेथे नांदते. पुस्तकांना आगीइतकेच भय पाण्याचे, हे कोणत्याही ग्रंथपालाला सांगावे लागत नाही. असे असता संस्थानाने आपला अमोल ग्रंथसंग्रह नेमका नदीकाठी का आणून ठेवला असेल, असा प्रश्न जाणत्या माणसाच्या मनात सहज उभा राहतो. याच काठावर अठ्ठावीस वर्षांपूर्वी, १९०८ साली, हजारो माणसे एका दिवसात वाहून गेली होती.

या प्रश्नाचे उत्तर वास्तुशास्त्रात सापडत नाही. ते त्या अठ्ठावीस वर्षांच्या राज्यकारभारात शोधावे लागते. राजे बदलले, दिवाण बदलले, महायुद्ध आले आणि गेले, साथींनी शहर पोखरले. तरीही एक योजना तिच्या मूळ हेतूसह पुढे चालत राहिली. आपल्याकडे दीर्घकालीन नियोजन म्हटले की १९५१ साली सुरू झालेल्या पंचवार्षिक योजनांपासूनच कथेला आरंभ करण्याची प्रथा आहे. परंतु त्यापूर्वी चार दशके एका देशी संस्थानाच्या राजधानीत दूरवरचा विचार कसा झाला, तो कृतीत कसा उतरला आणि पुढे तो कसा विसरला गेला, हा इतिहास तितकाच उद्बोधक आहे. हैदराबादच्या मराठी समाजाला तर तो घरचाच आहे.

२८ सप्टेंबर १९०८

मुसी ही काही मोठी नदी नव्हे. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात ती उगम पावते, हैदराबादच्या वरच्या अंगाला ईसी नदी तिला मिळते, शहराच्या मधून ती वाहते आणि पुढे नलगोंडा भागात कृष्णेला जाऊन मिळते. वर्षाचे आठ-नऊ महिने तिच्या पात्रात पाण्याची एक बारीक धार तेवढी असे. त्यामुळे तिचे भय कोणाला फारसे वाटत नसे. घरे हळूहळू काठाला भिडली आणि मग काठ सोडून पात्राकडे सरकली. १९०३ सालीही नदीला पूर आला होता, परंतु पाच वर्षांत त्याची आठवण पुसट झाली.

सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस नदीच्या वरच्या खोऱ्यात असाधारण पाऊस झाला. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. २८ तारखेच्या पहाटे पाणी शहरात शिरू लागले. पश्चिमेकडचा कोट फुटला, कोलसावाडीची दाट वस्ती पाण्याखाली गेली. दुपारनंतर पूर ओसरू लागला, तेव्हा अफझलगंज, मुसल्लम जंग आणि चादरघाट येथील पूल निकामी झाले होते. कुतुबशाहीत, १५७८ साली बांधलेला पुराना पूल तेवढा टिकून होता. मृतांची संख्या सामान्यतः १५,००० धरली जाते. सुमारे १९,००० घरे पडली आणि शहरातील फार मोठी वस्ती उघड्यावर आली.

अफझलगंज येथील रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आजही आदराने दाखविले जाते. उर्दूचे थोर रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या. स्वतः वाचलेल्या या कवीने पुढे त्या प्रलयावर दीर्घ काव्य लिहिले. निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीकाठी जाऊन मुसीची आरती केली, अशी कथा हैदराबादच्या हिंदू घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, संकटाच्या वेळी राजाने प्रजेच्या श्रद्धेशी एकरूप व्हावे ही लोकांची अपेक्षा तिच्यातून व्यक्त होते. महाल उघडले गेले, अन्नछत्रे चालली, मदतनिधी जमला.

अशा प्रसंगी बहुतेक राज्यकर्ते येथवरच येऊन थांबतात. भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा आणि मृताच्या वारसाला काही रक्कम दिली की कर्तव्य संपले, असे मानले जाते. हैदराबादच्या दरबाराने आणखी एक पाऊल टाकले, आणि त्याच पावलापासून या इतिहासाला प्रारंभ होतो. हा पूर पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे, हे सांगणारा माणूस शोधण्याचे दरबाराने ठरविले.

मुंबई इलाख्यात घडलेला अभियंता

तो माणूस म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ते जन्माने म्हैसूर संस्थानातले. परंतु अभियंता म्हणून ते घडले महाराष्ट्रात. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे अशी त्यांची नोकरी फिरली. खडकवासल्याच्या जलाशयावर बसविलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे आणि नीरा कालव्याच्या पाणीवाटपासाठी त्यांनी सुचविलेली फडवार पद्धत यांमुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले. पुण्याच्या वास्तव्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वर्तुळात त्यांचा वावर होता. आकडेवारी जमवून, तिचा अर्थ लावून मगच मत मांडायचे, ही त्या वर्तुळाची शिस्त विश्वेश्वरय्यांच्या लेखनातही दिसते.

१९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडण्याचे ठरविले होते आणि ते युरोपच्या प्रवासात होते. तेथेच त्यांना निजाम सरकारचे निमंत्रण मिळाले. एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादेत कामाला लागले. पुरापासून शहराचे रक्षण कसे करावे, पडलेल्या शहराची पुनर्रचना कशी करावी आणि सांडपाण्याची व्यवस्था कशी लावावी, असे तिहेरी काम त्यांच्यावर सोपविण्यात आले होते. पहिला अहवाल त्यांनी १ ऑक्टोबर १९०९ रोजी सादर केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता म्हणून निघून गेले. म्हणजे ज्याने योजना आखली, तो ती पार पाडण्यासाठी हैदराबादेत राहिला नाही. पुढील हकीगत समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

रोगाचे निदान

विश्वेश्वरय्यांनी शहराच्या आधी नदीचे खोरे पाहिले. शहराच्या वर मुसीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैलांचे होते आणि त्यात ७८८ तलाव होते. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक तलाव. तेलंगणातील ही तलावांची साखळी फार जुनी. वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्या खालच्या तलावात, अशी तिची रचना. नित्याच्या पावसात ही साखळी शेतीला जीवन देणारी. परंतु वरचा बांध फुटला की त्याचे पाणी खालच्या बांधावर आदळते आणि तोही फुटतो. १९०८ साली यांपैकी २२१ तलाव फुटले, आणि त्यांतले बहुतेक ईसीच्या खोऱ्यात होते. पावसाच्या पाण्यात साठलेल्या पाण्याची भर पडली आणि नदीतून सेकंदाला सुमारे ४,२५,००० घनफूट पाणी वाहिले, असा त्यांनी हिशेब मांडला.

हे निदान केवळ तांत्रिक नव्हते. पूर हा दैवी कोप असेल, तर त्यावर शांती करण्यापलीकडे उपाय उरत नाही. त्याची कारणमीमांसा खोरे, तलाव, पात्र आणि वस्ती अशी करता आली, की त्या प्रत्येकासाठी कोणाला तरी जबाबदार धरता येते. विश्वेश्वरय्यांनी ही उकल केली आणि तिच्यातून उपाय काढले.

मुख्य उपाय असा, की शहराच्या वर मुसी आणि ईसी या दोन्ही नद्यांवर धरणे बांधून पुराचे पाणी तेथेच अडवावे आणि शहरातल्या पात्राला पेलवेल इतकेच खाली सोडावे. दुसरा उपाय शहरातील काठांचा. दोन्ही तीरांवर पक्के घाट आणि भिंती बांधाव्यात, पात्रात शिरलेली वस्ती हलवावी, काठाने रस्ते आणि बागा कराव्यात. तिसरा उपाय भुयारी गटारांचा, कारण सगळ्या शहराची घाण अखेर याच नदीत येत होती. शिवाय धरणांचे पाणी शहराला पिण्यासाठीही देता येणार होते.

या तीन-चार गोष्टी एकत्र मांडण्यातच या योजनेचे मोठेपण आहे. केवळ काठाला भिंत बांधली असती तर काम दोन वर्षांत आटोपले असते आणि लोकांना ते दिसलेही असते. परंतु तिच्या आतल्या पात्रात पाणी वाढतच राहिले असते. आदल्या पुराची उंची मोजून तेवढी भिंत उभारणे हा आठवणीवर आधारलेला उपाय होय. पाणी येते कोठून, हा प्रश्न विचारून शहराबाहेर काही मैलांवर काम सुरू करणे हा विचारावर आधारलेला उपाय होय. दुसऱ्याला वेळ अधिक लागतो, पैसा अधिक लागतो, आणि त्याचे फळ बहुधा तो सुरू करणाऱ्याच्या पदरात पडत नाही.

अठरा वर्षे

अहवाल सादर झाल्यावर दोनच वर्षांत, ऑगस्ट १९११ मध्ये, मीर महबूब अली खान निधन पावले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. पाठोपाठ दिवाणही बदलले. नव्या राजाने जुन्या राजाच्या योजना बासनात गुंडाळून ठेवाव्यात, हा आपल्या इतिहासातील नेहमीचा अनुभव आहे. येथे तसे घडले नाही. १९१२ साली नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. १९१३ साली गंडीपेठ येथे मुसीवरील धरणाचे काम सुरू झाले. अभियंता सी. टी. दलाल यांनी धरणांच्या कामाची धुरा वाहिली. पहिल्या महायुद्धाची चार वर्षे, प्लेगच्या लाटा आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांतून वाट काढीत १९२० साली ते धरण पुरे झाले. त्याला उस्मानसागर हे नाव मिळाले. त्याची क्षमता सुमारे ३.९ अब्ज घनफूट आहे. त्यानंतर ईसीवरील दुसरे धरण हाती घेण्यात आले आणि १९२७ साली ते तयार झाले. निजामाचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान यांच्यावरून त्याला हिमायतसागर म्हणतात. त्याची क्षमता सुमारे २.९७ अब्ज घनफूट.

१९०९ चा अहवाल आणि १९२७ चे दुसरे धरण यांत अठरा वर्षांचे अंतर आहे. त्या काळात योजना बासनात गेली नाही, याची कारणे पाहण्यासारखी आहेत. एक तर अहवालात उपाय सुटे नव्हते. एक भाग पुरा झाला की पुढचा भाग न केल्याची उणीव आपोआप उघडी पडत असे. मुसी अडविली आणि ईसी मोकळी राहिली, तर शहर अर्धेच सुरक्षित, हे कोणालाही कळण्यासारखे होते. दुसरे असे, की शहराच्या पुनर्रचनेचे काम एखाद्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर न सोडता त्यासाठी स्वतंत्र मंडळ निर्माण केले गेले. माणसे बदलली तरी दप्तर, कर्मचारी आणि जबाबदारी तेथेच राहिली.

तिसरे कारण पैशाच्या शिस्तीचे. अकबर हैदरी यांनी अर्थखाते सांभाळताना १९२२ च्या सुमारास खात्यांना तीन-तीन वर्षांसाठी ठराविक अनुदान बांधून देण्याची पद्धत सुरू केली. वर्ष संपताच उरलेला पैसा परत जाण्याचे भय नाहीसे झाले, आणि खातेप्रमुखाला तीन वर्षांचा विचार करणे भाग पडले. मार्च महिन्यात घाईघाईने उधळपट्टी आणि एप्रिलमध्ये पुन्हा हात पसरणे, हा सरकारी कचेऱ्यांचा जुना रोग ज्यांनी पाहिला आहे त्यांना या सुधारणेचे मोल कळेल.

इतके करून विश्वेश्वरय्यांचा हैदराबादशी संबंध तुटला नव्हता. १९२२ मध्ये त्यांना भुयारी गटार योजनेच्या सल्ल्यासाठी पुन्हा बोलावण्यात आले. तेरा वर्षांपूर्वी ज्याचा अहवाल स्वीकारला, त्यालाच बोलावून उरलेल्या कामाचा ताळा घेणे, ही गोष्ट आजच्या काळातही विरळाच म्हणावी लागेल.

दरम्यान मुसीच्या काठाचे रूप पालटत होते. जेथे पडक्या घरांचे ढिगारे होते, तेथे उच्च न्यायालय, सिटी हायस्कूल आणि उस्मानिया रुग्णालय यांच्या इमारती उभ्या राहिल्या. काठाने बागा झाल्या. उस्मानसागराचे पाणी पंपाविना, केवळ उताराने वाहत आसफनगरच्या गाळणी केंद्रात येऊ लागले. जे शहर पाण्याने बुडाले होते, त्याला त्याच नद्यांचे शुद्ध पाणी घरात मिळू लागले. १९३६ साली आसफिया ग्रंथालय नदीकाठी आले ते या विश्वासाच्या बळावर. आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ग्रंथालयाची जागा ठरविणाऱ्यांना नदी दयाळू वाटत नव्हती. नदीच्या वर काही मैलांवर दोन जलाशय पहारा देत आहेत, हे त्यांना ठाऊक होते.

हैदराबादच्या मराठी मंडळींचाही हा उभारणीचा काळ होता. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था महापुराच्या एक वर्ष आधी, १९०७ साली, सुरू झाली होती. संस्थानात मराठी शिक्षणाला राजाश्रय नव्हता. त्यामुळे शाळा, वाचनालये, मंडळे जी काही झाली ती लोकांच्या पै-पैशातून झाली. उस्मानसागर पुरा होऊन हिमायतसागराच्या भिंती वर येत होत्या, त्या काळात गौळीगुडा, सुलतान बाजार, काचीगुडा अशा भागांतील मराठी माणसे आपल्या ग्रंथांची कपाटे जमवीत होती. दोन्ही कामे आकाराने अतुलनीय. परंतु आपण नसताना कोणाच्या तरी उपयोगी पडेल अशी वस्तू उभी करावी, ही प्रेरणा दोन्हींत एकच होती.

रिकाम्या जागेचे महत्त्व

पुरापासून रक्षण करणाऱ्या जलाशयाचा एक गुण सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. पाणीपुरवठ्यासाठी जलाशय भरलेला हवा आणि पूर अडविण्यासाठी तो काही अंशी रिकामा हवा. भरलेल्या घागरीत पावसाचा एक थेंबही मावत नाही. म्हणून अशा दुहेरी हेतूच्या धरणावर दरवाजे केव्हा उघडायचे, किती पाणी राखायचे, वरच्या खोऱ्यात किती पाऊस पडत आहे, याचा अखंड हिशेब ठेवावा लागतो. उस्मानसागराचे पंधरा आणि हिमायतसागराचे सतरा दरवाजे हे त्या हिशेबाचे हात आहेत. हिशेब ठेवणारा चुकला की हात निरुपयोगी ठरतात.

हीच गोष्ट जमिनीची. धरणातली पोकळी, पात्राची रुंदी, तलावाच्या काठची पाणथळ आणि पाणलोटातली मोकळी माती यांच्यावर काही बांधलेले नसते, म्हणूनच त्यांचा उपयोग असतो. परंतु वाढत्या शहराच्या नजरेला रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा वाटते. १९११ साली सुमारे पाच लाख वस्तीचे असलेले हैदराबाद २०११ च्या शिरगणतीत महानगरपालिकेच्या हद्दीत ६७ लाखांच्या वर गेले. या वाढीत मोकळ्या जागेवर डोळा न ठेवणारे कोण होते?

नियोजनाच्या इतिहासात घाईचेही एक प्रकरण आहे, आणि ते महाराष्ट्राला विसरता येण्याजोगे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण बांधकाम पुरते संपण्यापूर्वीच पाणी साठविले गेल्यामुळे फुटले. त्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासला धरणही फुटले आणि पुणे शहर बुडाले. ज्या खडकवासल्यावर विश्वेश्वरय्यांनी आपले दरवाजे बसविले होते, त्याच धरणाचा अंत पाहण्याची वेळ त्यांच्या शंभरीत आली. वरचा बांध फुटला की खालचा टिकत नाही, हा १९०८ च्या तलावसाखळीचा धडा पानशेतच्या वेळी पुन्हा मिळाला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, विश्वेश्वरय्या दिवंगत झाले.

हैदराबादेत धरणे फुटली नाहीत. ती इतकी चोख बांधली गेली होती की लोकांना त्यांचा विसर पडला. १९६० च्या दशकात मंजिरा नदीचे, २००४ साली कृष्णेचे आणि २०१५ साली गोदावरीचे पाणी शहरात आले. प्रत्येक नव्या योजनेबरोबर उस्मानसागर आणि हिमायतसागर यांचा पाणीपुरवठ्यातला वाटा घटत गेला. या जलाशयांच्या रक्षणासाठी ८ मार्च १९९६ रोजी आंध्र प्रदेश शासनाने १११ क्रमांकाचा प्रसिद्ध आदेश काढला. दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरच्या परिसरात, ८४ गावांमध्ये, प्रदूषणकारी उद्योग आणि मोठी बांधकामे यांवर त्याने निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २००० रोजी एका कारखान्याच्या प्रकरणात पिण्याच्या पाण्याच्या रक्षणाचे तत्त्व उचलून धरले. परंतु २०२२ साली, तेलंगणा राज्याच्या स्थापनेनंतर आठ वर्षांनी, हे निर्बंध सैल करणारा आदेश निघाला आणि वाद न्यायालयात गेला. निर्बंध सैल करण्याच्या बाजूने मांडलेला प्रमुख मुद्दा असा होता, की शहर आता या पाण्यावर अवलंबून नाही.

या मुद्द्यात इतिहासाचे विस्मरण दडलेले आहे. ते जलाशय तहान भागविण्यासाठी जन्माला आले नव्हते. तहान भागविणे हा त्यांचा जोडधंदा होता. १५,००० माणसांच्या मृत्यूनंतर शहराला पुरापासून वाचविण्यासाठी ते बांधले गेले होते. कृष्णेचे आणि गोदावरीचे पाणी नळाला आले म्हणून अनंतगिरीचा पाऊस थांबत नाही. ज्या ८४ गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनींचे मोल निर्बंधांमुळे अडून राहिले, त्यांची तक्रार खोटी नाही, आणि शहराच्या सुरक्षिततेची किंमत त्यांनी एकट्यांनी का मोजावी, हा प्रश्नही न्याय्य आहे. त्याचे उत्तर त्यांना योग्य मोबदला देण्यात शोधावे लागेल. जलाशयाचा हेतूच विसरणे हे ते उत्तर नव्हे.

विसरल्याची किंमत शहराने मोजली आहे. ऑगस्ट २००० मध्ये एका दिवसाच्या पावसाने शहराचे अनेक भाग बुडाले. ऑक्टोबर २०२० मध्ये जुन्या शहराच्या दक्षिणेस बालापूरच्या गुर्रम चेरुवूचा बांध फुटून खालच्या वस्त्यांत पाणी घुसले. १९०९ साली विश्वेश्वरय्यांनी बोट ठेवले होते ते नेमके याच दुखण्यावर. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस दोन्ही जलाशयांतून सोडलेल्या पाण्याने गौळीगुड्याजवळचे महात्मा गांधी बसस्थानक पाण्याखाली गेले आणि प्रवाशांना तेथून बाहेर काढावे लागले. ते बसस्थानक १९९० च्या दशकात मुसीच्या पात्रालगतच उभारलेले आहे. महापुराच्या स्मरणदिनाच्या आदल्या एक-दोन दिवसांत हे घडावे, हा योगायोग असेल. स्थानकाची जागा निवडणे हा मात्र योगायोग नव्हता.

कपाटातला अहवाल

दूरचा विचार करणाऱ्या कामाला एक शाप असतो. ते यशस्वी झाले की काहीच घडत नाही. न आलेल्या पुराची बातमी होत नाही, न बुडालेल्या घराचा पंचनामा होत नाही. दोन पिढ्या निर्धास्तपणे झोपल्या की तिसरी पिढी पहारेकऱ्याचा पगार कशासाठी द्यायचा असे विचारू लागते. योजना आखताना जेवढी बुद्धी लागते, तेवढीच ती का आखली हे पुढच्यांना सांगत राहण्यासाठीही लागते. १९०९ ते १९२७ या काळात हैदराबादच्या कारभाराने पहिले काम उत्तम केले. दुसरे काम करण्याची जबाबदारी कोणत्याही एका खात्याकडे नव्हती, आणि आजही नाही.

ती जबाबदारी काही अंशी ग्रंथालयांकडे येते. विश्वेश्वरय्यांनी १९३४ साली भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा मांडणारे पुस्तक लिहिले आणि १९५१ साली आपल्या कार्यजीवनाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्या आठवणींत मुसीच्या ७८८ तलावांचा हिशेब आहे. कोणत्याही मंत्रालयाच्या टेबलावर ते पुस्तक कदाचित नसेल. परंतु जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात ते मिळते. शासनाची स्मरणशक्ती बदल्यांनी आणि निवडणुकांनी खंडित होते. ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत मात्र शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक आणि काल आलेले पुस्तक एकाच क्रमाने लागलेले असते.

शंभर वर्षे ग्रंथालय चालविणाऱ्या समाजाला ही गोष्ट अधिक सांगण्याची गरज नाही. वर्गणी वेळेवर गोळा करणे, वाळवीपासून कपाटे जपणे, पावसाळ्याआधी छपराची कौले तपासणे, फाटलेली बांधणी पुन्हा शिवून घेणे, ही सारी न दिसणारी कामे आहेत. ती झाली की काहीच घडत नाही. केवळ पुस्तक जागेवर मिळते. गंडीपेठच्या धरणावर दरवाजाच्या साखळ्यांना तेल घालणारा माणूस आणि ग्रंथालयाच्या कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवणारा माणूस हे एकाच जातीचे सेवक आहेत. मुसीच्या काठावरची ती ग्रंथालयाची इमारत अशाच माणसांच्या भरवशावर बांधली गेली होती. तो भरवसा टिकवायचा असेल, तर वरच्या जलाशयांतली रिकामी जागा आणि खालच्या कपाटांतली भरलेली जागा, दोन्ही सांभाळाव्या लागतील.